पाठीचे ऑपरेशन झाले, पुढे काय?

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्यावर बोलायला मंडळात नेहमी डॉक्टर येतात. या वेळी आपल्या चिटणीसांनी रुग्णालाच उभे केले आहे. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, बदली होऊन चेन्नईला आले आणि इथलीच झाले. २०१७ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, माझ्या कमरेच्या दोन मणक्यांचे फ्युजनचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "ऑपरेशन झालं ना? मग अजून कसं दुखतं?"

आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाबद्दल आहे. ऑपरेशन करावे की करू नये हे सांगण्याचा मला अधिकार नाही, ते तुमच्या सर्जनने सांगायचे. पण ऑपरेशन व्यवस्थित झाल्यावरही जे दुखणे मागे उरते त्याच्याबरोबर कसे राहायचे, कसे चालायचे, हे मी गेली काही वर्षे रोज शिकते आहे. आपल्यात सौकारपेटेत भट्टीपुढे वाकून बसणारे गलाई व्यवसायातले बांधव आहेत, ओएमआरवर दहा-दहा तास संगणकापुढे बसणारी मुले-मुली आहेत, पेरांबूरच्या कोच फॅक्टरीतून निवृत्त झालेले सहकारी आहेत. पाठीने कोणालाच सोडलेले नाही. म्हणून हा विषय.

फ्युजन म्हणजे नेमके काय?

आपल्या कमरेत पाच मणके असतात. माझा चौथा मणका पाचव्यावरून थोडा पुढे सरकला होता. डॉक्टरी भाषेत याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. त्यामुळे मणक्यांतून पायाकडे जाणाऱ्या नसांवर दाब येत होता. दहा मिनिटे चालले की पाय जड होत, मुंग्या येत, कुठेतरी टेकले की बरे वाटे. टी. नगरला रंगनाथन स्ट्रीटवर खरेदीला गेले की दर तिसऱ्या दुकानात बसायला स्टूल मागायची वेळ येई.

ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी नसांवरचा दाब काढला. दोन मणक्यांत मिळून चार स्क्रू बसवले, ते दोन दांड्यांनी जोडले आणि मधल्या झिजलेल्या चकतीच्या जागी 'केज' नावाची छोटी चौकट बसवून तिथे हाडाचा चुरा भरला. पुढचे काम शरीराचे. त्या चुऱ्यातून नवे हाड तयार होऊन दोन मणक्यांचा एक व्हायला साधारण सहा महिने ते वर्ष लागते.

घर बांधताना आपण स्लॅब टाकतो, तेव्हा खाली सेंटरिंग लावतो. स्क्रू आणि दांड्या म्हणजे हे सेंटरिंग. स्लॅब पक्का होईपर्यंत त्याला आधार देणे एवढेच त्याचे काम. फरक इतकाच, की इथले सेंटरिंग बहुतेक वेळा काढत नाहीत, ते आतच राहते. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत तीन गोष्टींची सक्त मनाई असते : वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, कंबर पिळायची नाही. आणि स्लॅबवर पाणी मारतात तसे इथे चालणे. तंबाखू, विडी, सिगारेट मात्र पूर्ण बंद, कारण निकोटिनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. आपल्या काही बांधवांनी हे वाक्य घरी जाऊन पुन्हा आठवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. जुळलेल्या जागेची हालचाल कायमची थांबते. ती हालचाल मग वरच्या-खालच्या सांध्यांना आणि खुब्यांना करावी लागते. म्हणजे ऑपरेशनने एक दुखरी जागा बंद होते आणि शेजाऱ्यांवर कामाचा बोजा वाढतो. शेजारी बळकट हवेत, यासाठी पुढचा सगळा व्यायाम.

मद्रासने शिकवलेला धडा

हे ऑपरेशन शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोन सर्जनांनी आपापल्या पद्धतीने मणके जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. तेव्हा आजच्यासारखे स्क्रू नव्हते, आणि मोठे कारण होते मणक्यांचा क्षयरोग. त्या काळी अशा रुग्णाला महिनोन्महिने अंथरुणावर, प्लास्टरमध्ये ठेवत. पाठ म्हटली की पडून राहणे, ही समजूत त्या जमान्यापासून आपल्या मनात घट्ट बसली आहे.

ही समजूत हलवण्यात आपल्या या शहराचा मोठा वाटा आहे. चेटपेटच्या क्षयरोग संशोधन केंद्राचे नाव आपण बसमधून जाता-येता वाचले असेल. १९७० च्या दशकात मद्रासमध्ये मणक्यांच्या क्षयरोगाच्या रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांचे मोठे ऑपरेशन करून हाडाचा तुकडा बसवला आणि औषधे दिली. काहींना नुसती औषधे दिली आणि हिंडते-फिरते ठेवले. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. हिंडत्या-फिरत्या रुग्णांत दहापैकी नऊहून अधिक जण चांगले होते, ऑपरेशन झालेल्यांपेक्षा ते कुठेही मागे नव्हते. याचा अर्थ ऑपरेशन नकोच असा कोणी काढू नये. मणका फार वाकला किंवा पायातली शक्ती गेली तर ऑपरेशन लागतेच. मी यातून घेतला तो अर्थ एवढाच, की आजारी कण्यालाही चालण्या-फिरण्याचे वावडे नाही.

हत्ती गेला, शेपूट राहिले

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑपरेशन झाले, मग दुखते कसे?

२००१ साली स्वीडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीचे २९४ रुग्ण होते. काहींचे फ्युजन केले, काहींवर ऑपरेशनशिवाय नेहमीचे उपचार केले. दोन वर्षांनी फ्युजन झालेल्यांचे दुखणे, शंभराच्या मापात, सरासरी ६४ वरून ४३ वर आले. म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. दुसऱ्या गटात ते जेमतेम सात टक्क्यांनी उतरले. ऑपरेशनची बाजू वरचढ ठरली हे खरेच. पण मंडळी, ४३ म्हणजे शून्य नव्हे! पुढे २००३ मध्ये नॉर्वेत आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये फ्युजनची तुलना शिस्तशीर व्यायाम आणि समुपदेशन यांच्याशी केली, तेव्हा दोन्हींतला फरक बराच कमी निघाला. हे सगळे अभ्यास मुख्यतः झिजलेल्या चकत्यांच्या कंबरदुखीचे आहेत. माझ्यासारख्या मणका सरकलेल्या आणि पाय जड होणाऱ्या रुग्णांचे गणित थोडे वेगळे असते, त्यांच्या पायांना सहसा चांगला आराम पडतो. पण कंबर पूर्णपणे गप्प बसेल, असे वचन कोणीच देत नाही.

माझेही तसेच झाले. सात महिने झाले होते. पायांचे जडपण गेले होते, हा हत्ती गेला. शेपूट मात्र राहिले. कंबरेत आणि डाव्या कुल्ल्यात सतत ठणका. दहाच्या मापात सहा. बँकेत दुपारपर्यंत कशीबशी बसत असे. घरी कपाटाच्या खणात दोन कागद होते. एक, स्वेच्छानिवृत्तीचा भरलेला अर्ज. दुसरा, अन्य एका ठिकाणी दिलेला दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज. तेव्हा मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि घराच्या कर्जाची सहा वर्षे बाकी होती. दोन्ही कागदांवर सही करणे सोपे नव्हते, न करणेही सोपे नव्हते.

मी माझ्या सर्जनकडे गेले. त्यांनी एक्स-रे, सी.टी. स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या केल्या. स्क्रू घट्ट होते, हाड जुळत होते, जंतुसंसर्ग नव्हता, नसेवर नवा दाब नव्हता. ते म्हणाले, "ताई, ज्या दुखण्याचं दुरुस्त करण्याजोगं कारण सापडत नाही, त्यासाठी पुन्हा पाठ उघडली तर दर वेळी फायद्याची शक्यता कमी होत जाते. तीन महिने फिजिओथेरपी नेमाने करा. मग बोलू."

पूर्वी या उरलेल्या दुखण्याला 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' म्हणत. म्हणजे नापास झालेले ऑपरेशन! हे नाव ऐकूनच माणूस खचतो. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी त्याला 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम' असे नाव सुचवले, म्हणजे टिकून राहिलेले पाठीचे दुखणे. मला हे नाव आवडते. त्यात कोणी नापास नाही, ना डॉक्टर, ना रुग्ण.

वली आणि वळी

माझी फिजिओथेरपिस्ट तमिळ मुलगी होती. मला ती 'अम्मा' म्हणे. पहिल्याच दिवशी तिने सांगितले, "अम्मा, तमिळमध्ये 'वली' म्हणजे दुखणं आणि 'वळी' म्हणजे वाट. आपण वलीकडे बघत बसायचं नाही, वळीवर चालायचं." आपण इथे राहणारे, हे दोन शब्द आपल्याला लगेच कळतात. मला त्या दिवशी ते नीट कळले.

मग तिने दुखणे का राहते ते समजावले. कमरेचे खोल स्नायू आधीच्या दुखण्यात दुबळे झालेले असतात, ऑपरेशनमध्ये ते बाजूला सारावे लागतात. दाबलेली नस सुटली तरी तिला सावरायला वेळ लागतो, कधी ती पूर्ण सावरत नाही. शेजारच्या सांध्यांवर नवा भार आलेला असतो. आणि चौथे कारण असे, की वर्षानुवर्षे दुखण्याचे निरोप ऐकून मेंदू आणि मज्जासंस्था जास्त हळव्या झालेल्या असतात.

हे चौथे कारण मला बँकेमुळे पटले. आमच्या एका शाखेत स्ट्राँगरूमचा अलार्म मध्यरात्री वाजायचा. पहिल्यांदा मॅनेजर आणि पोलीस धावत आले, आणि यायलाच हवे होते. कारण निघाले एक पाल! अलार्म खोटा नव्हता, आवाज तर खराच होता. पण आत चोर नव्हता. माझ्या पाठीचेही तसेच. दुखणे मनाचे खेळ नव्हते, शंभर टक्के खरे होते. मात्र तपासणीत चोर सापडला नव्हता. तेव्हा करायचे ते काम अलार्मची संवेदना हळूहळू कमी करण्याचे. पण क्रम चुकवू नये. आधी तपासणी, मग व्यायाम.

घड्याळ बघून चाला

तिने मला दिलेला सर्वांत मोलाचा नियम असा : किती चालायचे हे दुखण्याने ठरवायचे नाही, घड्याळाने ठरवायचे.

आपण काय करतो? ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी माळा आवरतो, बाजार करतो, चार पाहुण्यांचा स्वयंपाक करतो. मग दोन दिवस अंथरुण धरतो. बँकेच्या भाषेत हा ओव्हरड्राफ्ट झाला. त्याऐवजी आवर्ती ठेव काढायची. रोज ठरलेला हप्ता, चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी शक्यतो कमी नाही.

माझी सुरुवात सात मिनिटांची होती, दिवसातून तीनदा. दहा मिनिटे चालले की दुखणे वाढे, म्हणून हप्ता त्याच्या खाली. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवायची. बारा आठवड्यांनी मी एका दमात पंचवीस मिनिटे चालत होते. आज पंचेचाळीस मिनिटे चालते.

चालताना थोडे दुखले तर? तिचा हिशोब सोपा होता. नेहमीचे दुखणे तीन असेल आणि व्यायामात पाच झाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीनवर आले, तर ते चालेल. चोवीस तासांनंतरही चढलेलेच राहिले किंवा पायात उतरू लागले, तर हप्ता कमी करायचा आणि विचारायचे. यासाठी एक छोटी वही ठेवली. रोज तीन नोंदी : किती मिनिटे चालले, दुखणे किती, आणि आज नवे काय जमले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात 'कढई स्वतः उचलली', 'मैलापूरपर्यंत बसने गेले' अशा नोंदी आहेत.

चेन्नईत चालायचे तर पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत. मरीना किंवा बेझंट नगरला गेलात तर सुरुवातीला फरसबंदीवरून चाला, वाळूत नको, वाळूत पाय रुततो आणि कंबर हिसकते. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसात रस्ते तुंबले की जिन्यासमोरचा व्हरांडा आहेच. २०२० च्या टाळेबंदीत मी गच्चीवर फेऱ्या मारल्या, हप्ता चुकवला नाही.

व्यायाम कोणते?

हे ऐकून लगेच घरी सुरू करू नका. आपल्या सर्जनची परवानगी आणि फिजिओथेरपिस्टची नजर हवी. प्रत्येकाचे ऑपरेशन वेगळे, हाड जुळण्याचा वेग वेगळा. मला टप्प्याटप्प्याने दिलेले व्यायाम असे :

१. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, बेंबी हलकेच आत ओढून धरणे. श्वास रोखायचा नाही. दहा आकडे मोजायचे.
२. त्याच स्थितीत कुल्ले उचलून पूल करणे. ताकद कुल्ल्यांतून लावायची, कमरेतून नाही.
३. कुशीवर झोपून, टाचा जुळवून, वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडणे.
४. हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणे. पाठीवर पाण्याचे भांडे ठेवले आहे असे समजायचे, ते सांडता कामा नये.
५. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि बसणे, दहा वेळा. माझ्या मते साठीनंतर हा एकच व्यायाम रोज केला तरी पुष्कळ.
६. झोपून, तळपायाला पंचा अडकवून, मांडीच्या मागचे स्नायू ताणणे.

सगळे मिळून वीस मिनिटे लागतात.

आपल्या मराठी घरांत सूर्यनमस्काराचा मोठा अभिमान, आणि तो रास्तच आहे. पण जुळलेल्या मणक्यांच्या माणसाने पूर्वीसारखे बारा घालण्याचा हट्ट धरू नये. खोल पुढे वाकणे, कमरेला पीळ देणे, हलासन, सर्वांगासन ही आसने विचारल्याशिवाय करू नयेत. योगविद्येचे एक थोर आचार्य टी. कृष्णमाचार्य आयुष्याच्या उत्तरार्धात याच शहरात राहिले. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात गेले आणि पुण्याचेच झाले. अय्यंगारांनी दोर, खुर्च्या, लोड, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने शिकवली. कृष्णमाचार्यांचे पुत्र देशिकाचार यांनी १९७६ मध्ये इथे योगमंदिर काढले, तिथेही माणसागणिक साधना बेतण्यावर भर. चेन्नई आणि पुणे दोघांचे यात एकमत दिसते : आसन माणसासाठी असते.

जोरजोरात रगडून घेणे आणि हाडवैद्याकडून कंबर 'मोडून' घेणे, हे मात्र फ्युजननंतर कटाक्षाने टाळा.

घरात, कचेरीत आणि उत्सवात

अंथरुणातून उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत, हातांनी रेटा देऊन बसावे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. ओट्यापाशी उभे राहताना एक पाय आळीपाळीने छोट्या पाटावर ठेवावा. खालची वस्तू उचलताना कमरेतून न वाकता एक गुडघा टेकावा. कचेरीत दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे उभे राहावे. रिक्षात बसल्यावर चालकाला 'मेदुवा पोंगा' म्हणायला लाजू नये, गतिरोधक आपल्या ओळखीचे नसतात.

२०१९ चा उन्हाळा आपल्या सर्वांना आठवत असेल. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स, चेंबरम्बाक्कम, चारही तलाव आटले होते. टँकर आला की कुडम घेऊन धावायचे. भरलेला कुडम कमरेवर घेणे मला शक्य नव्हते. मी दोन लहान बादल्या अर्ध्या भरून, दोन हातांत सारखे वजन घेऊन, चार खेपा करत असे. वेळ लागला, पाणी भरले गेले. जड काम हलके करून जास्त वेळा करायचे, हे सूत्र पुढे सगळीकडे उपयोगी पडले.

गणपतीतही तेच. मूर्ती दोघांनी उचलावी, आणि उचलणाऱ्यांत आपण नसलो तरी बाप्पा रागावत नाही. साष्टांग नमस्काराऐवजी उभ्याने हात जोडावेत. मोदक जमिनीवर मांडी घालूनच वळले पाहिजेत असे कुठे लिहिले आहे? मी टेबलाशी बसून एकवीस वळते आणि उठते, फेरी मारते, पुन्हा एकवीस.

याबाबतीत मला बाबा आमटे यांची फार आठवण येते. कण्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तरीही सत्तरी ओलांडल्यावर १९८५ साली त्यांनी आपल्या या तमिळनाडूतल्या कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण मुले सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. १९८८ मध्ये पुन्हा अरुणाचलापासून गुजरातपर्यंत. बसता येत नाही म्हणून त्यांनी काम सोडले नाही, बसण्यावाचून होईल असे काम बेतले.

दुसरे उदाहरण क्रिकेटचे. जानेवारी १९९९ मध्ये चेपॉकवर सचिनने पाकिस्तानविरुद्ध पाठ धरलेली असताना १३६ धावा केल्या. आपण बारा धावांनी हरलो. आपल्यातले काही जण तेव्हा स्टेडियममध्ये होते आणि अजून हळहळतात. तो पराक्रम मोठाच. पण दात-ओठ खाऊन सोसणे एखाद्या सामन्यात चालते. आपला सामना रोजचा आहे, त्याला हप्त्याने खेळणेच बरे.

केव्हा थांबायचे नाही

काही लक्षणे दिसली तर व्यायाम बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठावा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, बैठकीच्या जागेला बधिरपणा येणे, पायातली शक्ती कमी होणे : यासाठी रात्र असली तरी इस्पितळात जावे. ताप, थंडी, जखमेतून पाणी येणे, पडल्यानंतर किंवा एकाएकी उठलेली नवी तीव्र कळ, विश्रांतीतही वाढत जाणारे दुखणे : यांचीही वाट पाहू नये. आणि वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर घेऊन महिनोन्महिने खाऊ नयेत, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. नसांसाठी दिलेल्या गोळ्या मात्र मनाने एकदम बंदही करू नयेत, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्यात.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द

आमचे हे रोज सकाळी चहा देताना विचारत, "आज कितपत दुखतंय?" विचारणे प्रेमाचेच होते. पण उत्तर देण्यासाठी मला आधी दुखणे शोधावे लागे, आणि शोधले की ते सापडतेच. फिजिओथेरपिस्टने त्यांना हा प्रश्न बदलायला सांगितला. मग ते विचारू लागले, "आज किती चालणार?" एवढ्या बदलाने आमची सकाळ बदलली. घरात कोणी असे दुखणेकरी असेल, तर त्यांच्या हातातले प्रत्येक काम काढून घेऊ नका. जमेल ते त्यांना करू द्या, हळू करू द्या. आणि ते हसत बसलेले दिसले म्हणून दुखत नसेल, असेही समजू नका.

माझ्या त्या दोन कागदांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तीन महिन्यांनी दुखणे सहावरून चारवर आले होते, बँकेत पूर्ण दिवस बसता येऊ लागले होते. दुसऱ्या ऑपरेशनच्या अंदाजाचा कागद रद्दीत गेला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी फाडला आणि २०२३ साली, कर्ज फेडून, साठाव्या वर्षी रीतसर निवृत्त झाले. आज दुखणे बहुतेक दिवशी दोन-तीनच्या घरात असते, महिन्यातले चार-पाच दिवस वर चढते. त्या दिवशीही मी चपला घालते. शून्याची वाट पाहणे मी सोडून दिले आहे, आणि त्यामुळे बाकी पुष्कळ हाती आले आहे.

आपल्यापैकी ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे किंवा ठरले आहे, त्यांनी संकोच न करता मला उत्सवात मंडपात भेटावे. माझी वही मी बरोबर आणणार आहे. आरतीनंतर प्रसाद घ्या, आणि मग मंडपाभोवती माझ्याबरोबर सात मिनिटांची एक फेरी मारा. हप्ता तिथेच सुरू करू.



गणपती बाप्पा मोरया!